सात जणांनी हॉटेलात जेवायचं कसं?

पत्र: ‘आम्ही कॉलेजपासूनचे सात मित्रमैत्रिणी, आता सगळे पस्तिशीच्या आसपास. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी रात्री साडेआठला दादरमध्ये भेटून एकत्र जेवायचं, असं वर्षापूर्वी ठरवलं. पण आता मजा कमी आणि मनस्तापच जास्त. तासभर फुटपाथवर उभं राहायचं, आत गेल्यावर एकाचं खाऊन संपतं तेव्हा दुसऱ्याची प्लेट येते. आमच्यात चौघं मासे खाणारे, दोघं शाकाहारी, एक जैन. एकजण बिअर घेतो. बिल मात्र सातांत सारखं. तीन महिन्यांपूर्वी एका मैत्रिणीची नोकरी गेली. तेव्हापासून दर वेळी काहीतरी कारण सांगून ती येत नाही. हॉटेलं बदलून पाहिली, फरक नाही. हे भेटणंच बंद करावं का?’ – एक दादरकर

उत्तर:

बंद करू नका. वर्षभर सात जण एका तारखेला जमतात, हे मुंबईत सोपं नाही. हॉटेल बदलून फरक पडला नाही, कारण प्रत्येक ठिकाणी तुम्ही त्याच वेळेला गेलात, तेवढेच एकत्र बसलात आणि ऑर्डरही तशीच दिलीत. मैत्रिणीची गोष्ट या सगळ्यात मोठी आहे. ती शेवटी घेऊ, कारण आधीच्या गोष्टी नीट केल्या तर तीही बरीच सोपी होते.

आधी सात या आकड्याचं बघा. दादर-माटुंग्याच्या बहुतेक जुन्या हॉटेलांत टेबलं चौघांची आणि जागा अरुंद. सात जणांना एकत्र बसवायचं तर मॅनेजरला शेजारशेजारची दोन टेबलं एकाच वेळी रिकामी मिळावी लागतात. एक सुटतं तेव्हा दुसऱ्यावरचे लोक अजून कॉफीवर असतात, आणि शनिवारी रात्री रिकामं टेबल वीस मिनिटं धरून ठेवणं कुणालाच परवडत नाही. म्हणून तुमच्या मागून आलेले दोघं-चौघं आत जातात आणि तुम्ही बाहेरच राहता. नाव लिहितानाच सांगा, ‘सात आहोत, पण चार आणि तीन असे बसलो तरी चालेल.’ शेजारची टेबलं मिळाली तर उत्तमच, समोरासमोरची मिळाली तरी बिघडत नाही. पहिलं खाणं झालं की दोघांनी जागा बदलायची. दुसरं म्हणजे, गर्दीच्या वेळी सगळे हजर असल्याशिवाय आत सोडत नाहीत. त्यामुळे एकाच्या उशिराने सातही जणांचा नंबर जातो. चौघं आले की त्यांनी पहिलं टेबल घ्यावं, उरलेल्यांनी मागून यावं.

आता वेळ. शनिवारी सव्वाआठ ते दहा ही कुटुंबांची वेळ. आजी-आजोबांपासून लहान मुलांपर्यंत सगळे तेव्हाच बाहेर पडतात. तुम्ही सातला जा. संध्याकाळचा चहा-भजीवाला गिऱ्हाईकवर्ग तेव्हा उठत असतो आणि रात्रीच्या जेवणाची गर्दी सुरू व्हायची असते. एक काळजी घ्या. काही ठिकाणी सातला फक्त नाश्त्याचे पदार्थ मिळतात, थाळी आणि तंदूर नंतर सुरू होतात. दुपारी एक फोन करून ‘जेवण किती वाजता चालू होतं’ एवढं विचारून घ्या.

शनिवार रात्रीचा हट्ट सोडता आला, तर रविवार सकाळ अधिक चांगली असं आमचं स्पष्ट मत आहे. साडेसातला माटुंगा. किंग्ज सर्कलचं कॅफे मद्रास १९४० पासून चालू आहे. तिथे नऊनंतर रस्त्यावर रांग दिसते, साडेसातला बऱ्याचदा लगेच जागा मिळते. माणशी खर्च रात्रीच्या जेवणाच्या निम्म्याहून कमी. माटुंगा स्टेशनजवळचं रामा नायक यांचं उडुपी श्री कृष्ण बोर्डिंग, १९४२ पासूनचं, तिथलं केळीच्या पानावरचं जेवण जरूर जेवावं. पण तुमच्यासारख्या गप्पिष्ट गटासाठी ते ठिकाण नव्हे. मागे लोक ताटकळत असतात, वाढपी भरभर वाढत जातो, आणि अनलिमिटेड पानावरचं दुसऱ्याला देता येत नाही. तिथे दोघातिघांनी जावं. माटुंग्याची काही जुनी हॉटेलं सोमवारी बंद असतात, हेही ध्यानात ठेवा.

गप्पांचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. जेवण आणि गप्पा एकाच टेबलावर उरकायचा हट्ट धरला की दोन्ही बिघडतं. ताटं उचलल्यावर तासभर बसून राहिलात की वेटर दोनदा टेबल पुसून जातो आणि मॅनेजरची नजर जाणवू लागते. इकडे तुम्ही त्या अपराधी भावनेपोटी नको असलेली एक प्लेट मागवता. टेबलावर सव्वा तास, त्यापुढे शिवाजी पार्कचा कट्टा. गोखले रोडपासून किंवा शिवसेना भवनापासून चालत पाच-दहा मिनिटं. तिथे रात्री अकरापर्यंत बसलात तरी कुणी उठवत नाही आणि बिलही येत नाही. माटुंग्यात खाल्लंत तर तिथून फाइव्ह गार्डन्स चालत गाठता येतं.

सगळ्यांचं एकत्र का येत नाही, हे समजून घ्यायला आतलं काम कसं चालतं ते माहीत हवं. वेटर तुमची ऑर्डर लिहून घेतो, पण ती एका स्वयंपाकघरात जात नाही. उडुपी पद्धतीच्या मोठ्या हॉटेलात डोशाचा तवा वेगळा, पावभाजीचा तवा वेगळा, तंदूर वेगळा, चायनीजची कढई वेगळी, ज्यूसचा काउंटर वेगळा. प्रत्येक ठिकाणी आपापली रांग असते. एकाने म्हैसूर मसाला, दुसऱ्याने पावभाजी, तिसऱ्याने पनीर टिक्का, चौथ्याने शेजवान राइस मागवला तर चार वेळांना चार पदार्थ येणार, यात चूक कुणाचीच नसते. म्हणून एका फेरीत दोनच काउंटरवरचं मागवा आणि सगळं मधे ठेवून खा.

ऑर्डर एकानेच द्यायची. सात तोंडांतून सात वाक्यं निघाली की ‘दोन मसाला, नाही तीन, एक साधा’ यात वेटर चुकतोच. दर महिन्याला एकाची पाळी लावा. त्याने सगळ्यांना विचारून घ्यावं, वेटरकडून ऑर्डर परत म्हणून घ्यावी आणि बिल तपासण्याचं कामही त्याचंच.

डोशाचं बघू, कारण तिथे सर्वांत जास्त बिघडतं. डोसा तव्यावरून उतरल्यावर पाचएक मिनिटांतच आतल्या भाजीच्या वाफेने मऊ पडू लागतो. सात डोसे एकदम मागवले तर तव्यावर दुसऱ्या टेबलांचेही असतात, त्यामुळे तुमचे दोन-तीन करत येतात. बाकीचे येईपर्यंत सभ्यपणे थांबलेल्यांच्या नशिबी चामट डोसा येतो. आधी इडली-मेदूवडे मागवा, ते तयारच असतात, पाच मिनिटांत टेबलावर येतात. त्यांच्याबरोबरच तीन डोसे सांगा, आले की सातांनी तोडून लगेच खाऊन टाका. मग पुढचे तीन. रवा डोसा हवा असेल तर पहिल्याच फेरीत सांगायचा. त्याचं पातळ पीठ तव्यावर ओतून सावकाश कुरकुरीत होऊ द्यावं लागतं, साध्या डोशापेक्षा बराच वेळ जातो. सांबार वाटीत वेगळं मागा. कॉफी शेवटची फेरी चालू असतानाच सांगून ठेवा.

पावभाजीच्या एका प्लेटबरोबर दोन पाव येतात, पण भाजी साधारण तीन-चार पावांना पुरते. त्यामुळे सात प्लेटा मागवू नका. चार प्लेटा आणि वर पाच-सहा जादा पाव पुरतात. पाव दोन हप्त्यांत मागवा, गार झालेला मस्का-पाव तेलकट लागतो. पंजाबी भाजीची एक वाटी दोघांना पुरते. सात जणांना चार भाज्या खूप झाल्या, पुलाव-बिर्याणी घेणार असाल तर तीनच. रोट्या एकदम चौदा सांगू नका. आधी सात, त्या निम्म्या संपत आल्या की पुढच्या. नान आणि बटर रोटी गार झाली की दातांना ओढ लागते. एकूण ऑर्डरपैकी दोन-तृतीयांश पहिल्यांदा द्या आणि वीस मिनिटांनी भूक किती उरली ते बघून पुढचं ठरवा. जवळजवळ प्रत्येक गटाचं जास्तीचं अन्न पहिल्या पाच मिनिटांतल्या भुकेने मागवलेलं असतं.

मासे खाणारे चौघं आणि न खाणारे तिघं. एक महिना मालवणी किंवा गोमंतकी जेवणाचा आणि दोन महिने शाकाहारी असा क्रम ठेवा. मालवणी हॉटेलात शाकाहाऱ्यांना पनीर मागवायला लावू नका, तिथला पनीर बहुधा मन लावून केलेला नसतो. काळ्या वाटाण्याचं सांबार, वालाचं बिरडं, आंबोळी किंवा घावणे, भात असं विचारा. सोलकढीत बहुतेक ठिकाणी लसूण असते, तेव्हा जैन मित्राला ती देण्याआधी विचारा. तळणीचं तेलही माशांना आणि भाज्यांना एकच असू शकतं. काहींना ते चालतं, काहींना नाही. घरून निघण्याआधी त्याच्याशी बोलून घ्या, टेबलावर बसल्यावर हा विषय नको.

जैन आणि उपवास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि गोंधळ इथेच होतो. साबुदाणा वडा उपवासाला चालतो, पण त्यात बटाटा असतो, म्हणून जैन खाणार नाही. जैन पावभाजी मुंबईत सहज मिळते, बटाट्याऐवजी कच्चं केळं घालतात, पण ती उपवासाला नाही. विचारायचा खरा प्रश्न एकच: पदार्थातला कांदा-लसूण ऑर्डर आल्यावर पडतो की आधीच घातलेला असतो? पावभाजी तव्यावर वेगळी करता येते. मिसळीचा कट सकाळीच होऊन बसलेला असतो, त्यातून कांदा काढता येत नाही. दादरच्या आस्वाद हॉटेलची मिसळ २०१५ साली फूडी हबच्या पुरस्कारांत जगातला सर्वांत चविष्ट शाकाहारी पदार्थ ठरली. तुमच्यातल्या सहा जणांनी ती नक्की खावी, सातव्यासाठी वेगळं काही निवडावं. थालीपिठाच्या पिठात कांदा बहुधा आधीच मळलेला असतो, सांबारातही असू शकतो. साधा डोसा आणि लसूण नसलेली खोबऱ्याची चटणी हा नेहमीचा बिनधोक मार्ग. ‘जैन मिळेल का’ असं मोघम विचारलं तर गर्दीत ‘हो’ हेच उत्तर येतं. ‘सांबारात कांदा आहे का’ असं नेमकं विचारलं की वेटर आत जाऊन विचारून येतो.

माशांबद्दल थोडक्यात. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा पापलेट-सुरमई बहुधा बर्फातली असते. त्या दोन महिन्यांत शाकाहारी बेत ठेवा. श्रावणात उलटं होतं. मासळीची हॉटेलं मोकळी आणि शाकाहारी भरलेली, तेव्हा बाकी कुणाचा श्रावण नसेल तर मालवणी जेवायला तीच वेळ चांगली. मेन्यूवर पापलेट, खेकडा, शेवंड यांच्यापुढे दराऐवजी ‘साइजप्रमाणे’ लिहिलेलं असतं. ऑर्डर देण्याआधी आकडा विचारा. बिल हातात आल्यावर त्या ओळीवरून जितकी भांडणं होतात तितकी दुसऱ्या कशावरून होत नाहीत. बोंबील फ्राय आला की बाकी सगळं सोडून तो खा. बोंबलात पाणी फार असतं, तळण्याआधी दाबून काढलं तरी थोडं उरतंच, आणि प्लेटमध्ये पडून राहिला की रव्याचा कुरकुरीतपणा दहा मिनिटांत जातो. एका प्लेटमध्ये तुकडे किती, हे विचारून चौघांत सारखे येतील इतक्याच प्लेटा मागवा.

आता पैसे. टीटीएमएम, म्हणजे ‘तू तुझं, मी माझं’ म्हटलं की काहींना ते परकेपणाचं वाटतं, आणि सगळं सारखं वाटलं की कमी खाणाऱ्याला बोचतं. तुमच्या गटाला मधला नियम सोयीचा पडेल. टेबलाच्या मधे ठेवून खाल्लेलं सगळं सातांत सारखं. दारू आणि साइजप्रमाणे दर असलेला मासा ज्याने घेतला त्याचा. हा नियम मेन्यू उघडण्याआधी ठरायला हवा, बिल आल्यावर ठरवला की तो कुणावर तरी आरोप वाटतो. बिअरसाठी बसल्याबसल्याच वेगळं बिल सांगा. दारूवर जीएसटी नसतो, राज्याचा व्हॅट असतो, त्यामुळे एकत्र बिलातून नंतर वेगळं काढणं किचकट होतं. एकाच्या बिअरसाठी सातांनी दर महिन्याला परमिट रूम असलेलं महागडं हॉटेल निवडू नये. तीन महिन्यांतून एकदा पुरे, तोही समजून घेईल.

बिल कसं वाचायचं तेही सांगतो. मुंबईतल्या साध्या हॉटेलात खाण्यावर जीएसटी ५ टक्के, बिलावर केंद्राचा आणि राज्याचा अशा अडीच-अडीचच्या दोन ओळींत. एसी असो वा नसो, १५ नोव्हेंबर २०१७ पासून दर एकच आहे. त्याआधी एसीला १८ आणि बिनएसीला १२ होता. मात्र एसी विभागाचं दरपत्रकच वेगळं असू शकतं, बसण्याआधी बघून घ्या. खाणं २,८०० रुपयांचं झालं तर कर १४०, एकूण २,९४०, म्हणजे माणशी ४२०. त्यात १० टक्के सर्व्हिस चार्ज घातला असेल तर २८० वाढतात, त्यावरही जीएसटी बसतो आणि बिल ३,२३४ होतं. हा चार्ज सक्तीने लावता येत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये तशी मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती उचलून धरली. शांतपणे काढायला सांगा, बहुतेक ठिकाणी काढतात. नाहीच काढला तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. तुमच्या नेहमीच्या लहान मराठी-उडुपी हॉटेलांत हा प्रकार सहसा नसतोच. काही छोटी हॉटेलं जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत, म्हणजे उलाढालीवर ठरावीक कर स्वतः भरण्याच्या योजनेत असतात. त्यांना ग्राहकाकडून वेगळा जीएसटी घेता येत नाही. बिलावर तसं छापलेलं असूनही कराची ओळ असेल तर विचारा. बाटलीबंद पाण्यावर मात्र वाद घालू नका. हॉटेलात छापील किमतीपेक्षा जास्त घेता येतं, असा सुप्रीम कोर्टाचा डिसेंबर २०१७ चा निकाल आहे. बसल्याबरोबर ‘साधं पाणी’ सांगितलं की प्रश्नच मिटतो.

टीप रोख द्या आणि वेटरच्या हातात द्या. गल्ल्यावरच्या क्यूआर कोडवर टाकलेले जादा पैसे त्याच्यापर्यंत पोचतीलच असं नाही. सात जणांच्या टेबलामागे त्याने तासभर धावपळ केलेली असते. ५ ते १० टक्के योग्य.

आता तुमची मैत्रीण. तिची कारणं खोटी आहेत हे तुम्हाला कळतं, तिलाही ते माहीत आहे, आणि ती टाळते ते तुम्हाला नव्हे, त्या आधी न सांगता येणाऱ्या आकड्याला. आज काय बिल येईल, सातशे की बाराशे, हे माहीत नसताना हसत बसणं नोकरी गेलेल्या माणसाला फार जड जातं. ‘तुझे आम्ही भरतो’ असं ग्रुपवर कुणी लिहू नका. एकदा ती ऐकेल आणि दुसऱ्यांदा येणार नाही. त्याऐवजी सगळ्यांसाठीच आकडा ठरवा, माणशी अडीचशे, आणि तिचं नाव कुठेही येऊ न देता पुढचे तीन-चार महिने रविवार सकाळचा नाश्ता किंवा दादरच्या प्रकाश हॉटेलातला साबुदाणा वडा-पीयूष असा बेत ठेवा. बिअर, मालवणी जेवण, एसी विभाग, सगळं तोवर थांबू शकतं. कारण द्यायचंच असेल तर गर्दीचं द्या. ते खोटंही नाही, फुटपाथवर तास तास तुम्ही उभे राहिलाच आहात.

मग ग्रुपवर संदेश टाकण्याआधी तुम्ही स्वतः तिला फोन करा. नोकरीची चौकशी पहिल्या वाक्यात नको. दिवस, वेळ, ठिकाण आणि आकडा सांगा. आणि या वेळची ऑर्डर द्यायची पाळी तिची आहे, तेही सांगा. काय मागवायचं, किती प्लेटा, कुठे थांबायचं, हे तिच्या हातात राहील आणि टेबलावर येणारा प्रत्येक पदार्थ तिने ठरवलेला असेल. साडेसातला तिच्याबरोबर किंग्ज सर्कलला नाव लिहायला तुम्हीच जा, बाकीचे पाच जण पाठोपाठ येतील.